मीठ कोणाचे आणि निमकहराम कोण?

गावात शिव्यांना तोटा नाही. कोणी जातीवरून देतो, कोणी आईबापावरून देतो. ऐकणारा ती परत करतो किंवा गिळून टाकतो, आणि तंटा तेथेच मिटतो. पण ‘निमकहराम’ ही शिवी तशी नव्हे. ती कानी पडली की ताठ मानेचा गडीही खाली पाहू लागतो. हिशेब मागावयास गेलेला माणूस हिशेब विसरतो आणि ‘नाही हो मालक, मी तसला नाही’ म्हणून आर्जवे करू लागतो. म्हणजे ज्याने जाब द्यावयाचा तो सुटला, आणि ज्याने जाब विचारावयाचा तोच आरोपी झाला! ज्या शब्दाच्या अंगी एवढे बळ आहे, तो एकदा सुपात घेऊन पाखडला पाहिजे असे आम्हांस वाटते. आम्ही कोणी मोठे पंडित नाही. मराठी ट्रेनिंग कॉलेजातून निघून खेड्यात पोरे शिकविणारे मास्तर आहो. तथापि शब्दाचा अर्थ सांगणे हा आमचा रोजचाच धंदा आहे.

नमक हा शब्द फारशी. त्याचा अर्थ मीठ. हलाल आणि हराम हे दोन्ही अरबी. हलाल म्हणजे धर्माने मान्य केलेले, हराम म्हणजे निषिद्ध. ज्याचे मीठ खाल्ले त्याला जो जागला तो निमकहलाल, जो उलटला तो निमकहराम. दरबार व लष्कर यांच्या वाटेने ही जोडी मराठीत आली आणि आपल्या जिभेवर ‘नमक’चे ‘निमक’ झाले. घरातले आपले बोलणेही त्याच अर्थाचे आहे. खाल्ल्या मिठाला जागावे, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, असे आपण मुलांस सांगतो. आणि ज्याचे उपकार लोक विसरतात तो कपाळास हात लावून म्हणतो, ‘आमचे मीठच अळणी!’ ही भावना खोटी नाही. दुष्काळात शेजाऱ्याने दोन पायली ज्वारी दिली, तर तिची आठवण गरिबाच्या घरी नातवापर्यंत राहते. या कृतज्ञतेची थट्टा करणारे आम्ही नव्हे.

शब्द योग्य ठिकाणी पडला म्हणजे कसा चिकटतो हे बंगाल्यात पाहावे. मीर जाफर हा नबाब सिराजउद्दौल्याच्या फौजेचा सरदार. १७५७ साली प्लासीच्या मैदानात तो इंग्रजांशी संधान बांधून स्वस्थ उभा राहिला आणि त्याबद्दल नबाबी मिळवून बसला. मुर्शिदाबादेस त्याच्या वाड्याच्या दरवाजाला लोक ‘नमकहराम देवडी’ म्हणतात. अधिकार, विश्वास आणि फौज हाती घेऊन त्याने धनी विकला. तेथे हा शब्द शोभतो.

पण पुढे शंभर वर्षांनी काय झाले? १८५७ साली कंपनीचे शिपाई उठले, तेव्हा गोऱ्या साहेबांनी त्यांस निमकहराम ठरविले. कंपनीचे मीठ खाऊन कंपनीवर उलटले, हा त्यांचा गुन्हा! पण त्या शिपायांत अवधच्या शेतकऱ्यांची पोरे पुष्कळ होती. कंपनीने त्यांस पगार दिला तो कोठून? त्यांच्याच बापभावांच्या शेतसाऱ्यातून. आणि मीठ म्हणाल तर त्या मिठावरही कंपनी कर घेत होती! विलायतेहून तिने मुठीत धरून काय आणले होते? ज्याच्या घरचे त्यालाच घातले आणि वर उपकाराची पावती मागितली.

या मिठावरच्या कराची गोष्ट कंपनीबरोबर संपली नाही. १९२३ साली सरकारने तो मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला. ओरड झाली म्हणून पुढल्या वर्षी पुन्हा सव्वावर आणला. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलले आणि त्याच साली आपल्याकडे शिरोड्यास लोकांनी लाठ्या खाल्ल्या. कर उठला तो १९४७ साली. आपल्याच समुद्राचे मीठ उचलणारा तेव्हा कायद्याने गुन्हेगार होता, हे विसरू नये.

मराठीत मीठ ‘पिकते’ असे म्हणतात, आणि ते बरोबर आहे. ठाण्या-कुलाब्याच्या किनाऱ्याला आगरी लोक पिढ्यान् पिढ्या ते पिकवीत आले. भरतीचे पाणी वाफ्यात घ्यावयाचे, उन्हाने आटवावयाचे, खारात पाय फुटेपर्यंत ओढावयाचे. सगळ्या देशाने त्यांचे मीठ खाल्ले. पण ‘आम्ही आगऱ्याच्या मिठाला जागतो’ असे म्हणणारा सावकार किंवा अंमलदार आमच्या तरी ऐकण्यात नाही. म्हणजे या शब्दातले मीठ पिकविणाराचे नव्हे, वाढणाराचे धरले जाते!

त्याच खारेपाटात बांध घालून कुळांनी समुद्राकडून भाताची जमीन राखली आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी नेऊन टाकला. शेवटी अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांच्या कुळांनी, नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली, १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या शेतात नांगर घातला नाही. सहा वर्षे त्यांनी रानची लाकडे विकून आणि मोलमजुरी करून पोट भरले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती मोडण्याचे बिल आणले. कायदा होण्यास १९४९ साल उजाडले. या कुळांस निमकहराम म्हणावयाचे काय? त्यांनी खोताचे मीठ खाल्ले होते, की खोताने त्यांचा भात खाल्ला होता?

बलुत्याचेही तेच. सुताराने वर्षभर औते भरली, लोहाराने फाळ शेवटले, चांभाराने मोटा शिवल्या. खळ्यावर त्याला जे धान्य मिळे तो त्याच्या कामाचा हक्क होता. पण देताना हात वर आणि घेताना हात खाली, एवढ्यावरून हक्काची भीक झाली आणि कारागीर जन्माचा मिंधा ठरला.

आम्ही शाळेत पाहतो. ‘खाल्ल्या मिठाला जागणे, वाक्यात उपयोग करा’ असे सांगितले की दहांतली नऊ पोरे चाकराचे किंवा कुत्र्याचे वाक्य लिहितात. धनी चाकराच्या मिठाला जागला, असे वाक्य पोरांना सुचत नाही, कारण घरीदारी त्यांनी ते ऐकलेलेच नसते. वास्तविक आपल्याकडे त्याचा दाखला आहे. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांस बजावले की, तुम्हांस खजिन्यातून पैका मिळतो; दाणा, गवत, लाकूड, भाजीपाला जे लागेल ते बाजारातून विकत घ्या, कुणब्याच्या काडीला हात लावू नका. फौज रयतेच्या धान्यावर जगते, तेव्हा फौजेने रयतेशी इमान राखावे, असाच याचा अर्थ.

आता आजचे पाहू. पाडव्याला सालगड्याचे साल ठरते. बारा महिने तो राबतो आणि पगार मागताच त्याला घातलेली भाकर मोजून दाखविली जाते. ऊसतोडीला जाणारे नवराबायको मुकादमाकडून उचल घेतात. ती घेऊन कोणी कामच न करता पळाला तर त्याने लबाडी केली, ते पैसे त्याने फेडलेच पाहिजेत. पण तो हिशेबाचा प्रश्न आहे, मिठाचा नव्हे. हिशेब असेल तर तो दोघांनी पाहावा. किती टन तुटले, किती कापले, किती उरले, हे विचारणारी बाई निमकहराम कशी? वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. पण ही शिवी वेठबिगारीचेच काम करीत आहे.

राजकारणात तर ‘निष्ठावंत’ आणि ‘गद्दार’ या शब्दांनी कान किटले. १९८५ सालच्या पक्षांतरबंदीच्या कायद्याने पक्षाचा हुकूम मोडणाऱ्या आमदाराची जागा जाऊ शकते. पण मतदाराला दिलेले वचन मोडले तर पाच वर्षे त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. आमदाराचा पगार कोणाच्या घरचा? साबणापासून खतापर्यंत जे जे आपण विकत घेतो त्यावर कर भरतो, त्यातलाच तो आहे. मीठ आपले, आणि निष्ठा मात्र दुसऱ्याच्या पायाशी! ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण पुढाऱ्यांनी तरी नीट पाळावी. पोळी कोणाची ते त्यांस ठाऊक नाही काय?

तेव्हा शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, पुन्हा कोणी ही शिवी दिली तर मान खाली घालू नका. शांतपणे तीन प्रश्न विचारा. तुम्ही दिलेत ते दान होते की माझ्या कामाचे मोल? ते आले कोठून, कोणाच्या घामातून? आणि माझ्याशी ठरलेला शब्द तुम्ही पाळलात काय? या तिन्हींची उत्तरे सरळ आली आणि तरीही आपण उलटलो असलो, तर शिवी खुशाल अंगावर घ्यावी. उत्तरे आली नाहीत, तर तो शब्द ज्याचा त्याला परत करावा आणि हिशेबाची वही पुढे ठेवण्यास सांगावे. आपल्या पोरांनाही मिठाला जागावयास शिकवा. मात्र ते मीठ पिकविले कोणी, हे त्यांना आधी सांगा.