टिंब थांबलं, पण कशामुळे?

आषाढ सरत आला की खडेबाजारात सणाच्या मालाची वाट बघणं सुरू होतं. कापड इचलकरंजीहून, बाकी बराचसा माल पुण्याकडून. पूर्वी ‘गाडी कुठवर आली?’ म्हणून ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दहा फोन व्हायचे. आता गाडीतल्या जीपीएसमुळे मोबाइलवर टिंब सरकताना दिसतं. सोय झाली, यात वाद नाही.

पण ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 आठवा. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं, तिकडे शिरोलीला पंचगंगेचं. टिंब जागच्या जागी थांबलं. गाडी कुठे आहे ते कळत होतं, कधी सुटेल ते कळत नव्हतं. संकेश्वरकडून वळवावी तर तिथे हिरण्यकेशी. आमच्या मते चूक इथेच होते. आपण यंत्र मालावर लावतो आणि धोका असतो नदीत.

यंत्राचा खरा उपयोग कसा होतो हे आपण गावातच पाहिलं आहे. जानेवारी 2021 मध्ये पुण्याहून कोविशील्ड टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत आली. ही लस 2 ते 8 अंशांतच ठेवावी लागते. सरकारच्या ‘ई-विन’ व्यवस्थेत लसीच्या फ्रीजमध्ये तापमान मोजणारं यंत्र असतं, पारा हलला की जबाबदार माणसाच्या मोबाइलवर संदेश जातो. तो माणूस उठून काहीतरी करू शकतो, म्हणून त्या यंत्राला अर्थ आहे.

वेदगंगेचं तसं नाही. पाटगाव धरण महाराष्ट्रात, पाणी चढतं निपाणीत. पातळीचे आकडे दोन्ही राज्यांकडे असतात, पण ते ट्रकवाल्याच्या कानावर कोण घालणार? सीमेचा वाद आपल्याला नवा नाही, निदान पाण्याचा आकडा तरी मराठी-कन्नड न बघता पुढे जावा.

तोवर व्यापारी सभासदांनी दोन गोष्टी कराव्यात. अडकलेल्या गाडीच्या ई-वे बिलाची मुदत संपत असेल तर ती संपण्याच्या आठ तास आधी किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवून घेता येते. अनेकजण हे विसरतात. आणि पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज बघावी. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. पस्तिशी ओलांडून आकडा चढताच राहिला, तर इचलकरंजीचा माल त्याच दिवशी उचलावा.