वारा मोजला, आता समुद्र मोजा

गुजरातच्या पिपावाव बंदरापासून सुमारे २३ किलोमीटर अंतरावर, खंबायतच्या आखातात, नोव्हेंबर २०१७ मध्ये वाऱ्याचा वेग मोजणारे एक सरकारी यंत्र बसविण्यात आले. भारताच्या समुद्रात पवनचक्क्या उभारता येतील किंवा कसे, याची ती चाचपणी होती. पुढे जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांच्या साहाय्ययोजनेस मंजुरी दिली. गुजरात व तामिळनाडू यांच्या किनाऱ्यांसमोर प्रत्येकी ५०० मेगावॅटचे प्रकल्प तीतून उभे राहावयाचे आहेत. परंतु निविदा निघाल्या, मुदती वाढल्या आणि गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला. आपल्या सागरात अद्याप एकही पवनचक्की फिरत नाही. या विलंबाबद्दल अनेकजण हळहळत आहेत. आमच्या मते ही हळहळण्याची वेळ नव्हे. अनायासे लाभलेली सवड शहाणपणाने वापरण्याची ही वेळ आहे.

आरंभीच एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. समुद्रावरील वाऱ्यापासून वीज निर्माण करण्यास आमचा विरोध नाही. किंबहुना ती आपली निकड आहे, असेच आम्ही मानतो. जून २०२० मधील ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या नारळी-पोफळीच्या बागा कशा झोपविल्या, आणि पुढच्याच वर्षी ‘तौक्ते’ने किनारपट्टीची कशी दैना केली, हे या शहरातील वाचकांस नव्याने सांगावयास नको. तापत चाललेला अरबी समुद्र अशा वादळांना बळ देतो. त्याच उष्म्याने २०१६ मध्ये मन्नारच्या आखातातील प्रवाळ पांढरे पडले. समुद्रावरचा वारा जमिनीवरील वाऱ्याहून अधिक जोरकस व अधिक स्थिर असतो. गुजरात व तामिळनाडू यांच्यासमोर मिळून सुमारे ७० हजार मेगावॅट वीज निघू शकेल, असा सरकारी अंदाज आहे. तेव्हा समुद्री जीवांचे नाव पुढे करून पवनविजेला विरोध करावयाचा आणि कोळशाच्या धुराला मात्र अभय द्यावयाचे, ही त्या जीवांशी मैत्री नव्हे.

अशा खोट्या मैत्रीचे उदाहरण अमेरिकेने जगापुढे ठेवले आहे. तिच्या पूर्व किनाऱ्यावर मृत देवमासे येऊन पडले, तेव्हा त्याचे खापर पवनप्रकल्पांवर फोडण्यात आले. या मृत्यूंचा त्या प्रकल्पांशी संबंध दाखविणारा पुरावा नाही, असे तेथील सरकारच्याच सागरशास्त्रज्ञांनी सांगितले. जहाजांच्या धडका आणि मासेमारीच्या दोरखंडांत अडकणे हीच तेथील देवमाशांच्या मृत्यूची मोठी ज्ञात कारणे आहेत. तरीही तो आरोप राजकारणाच्या बाजारात खपला, आणि जानेवारी २०२५ मध्ये नव्या अध्यक्षांनी समुद्रातील नवे पवनपट्टे देणे थांबविले. तेलाच्या नव्या विहिरींना मात्र उत्तेजनच मिळाले.

परंतु खोट्या आक्षेपांमुळे खऱ्या आक्षेपांचे महत्त्व कमी होत नाही. प्रचंड पोलादी खांब समुद्रतळात ठोकताना जो आवाज होतो, तो पाण्यातून हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो. डॉल्फिन आणि देवमासे यांना ध्वनी हेच डोळे. अन्न, सोबती, पिल्लू, सर्व काही ते आवाजावरून शोधतात. त्यांना बहिरे करणे म्हणजे आंधळे करणेच होय. यावर उपाय नाहीत असे नाही. जर्मनीने खांबापासून ७५० मीटरवरील आवाजास १६० डेसिबलची मर्यादा घातली. ती पाळण्यासाठी खांबाभोवती सच्छिद्र नळीचे कडे टाकून त्यातून हवा सोडतात आणि उठणाऱ्या बुडबुड्यांच्या पडद्यात आवाज जिरवितात. पक्ष्यांच्या स्थलांतराच्या रात्री पवनचक्क्यांची गती जवळजवळ थांबविण्याचा प्रयोग नेदरलँड्सने २०२३ मध्ये केला. लंडनजवळच्या समुद्रातील मोठ्या प्रकल्पाचा दुसरा टप्पा २०१४ मध्ये सोडून देण्यात आला. तेथे हिवाळ्यात उतरणाऱ्या पाणपक्ष्यांची चिंता हे त्याचे एक प्रमुख कारण होते. पहिला टप्पा मात्र आजही वीज देत आहे. कोठे उभारावे, केव्हा थांबावे आणि कोठे मुळीच जाऊ नये, हे ठरविता येते, असा याचा अर्थ आहे.

ते ठरविण्यासाठी आपल्या समुद्रात कोण राहते, हे प्रथम ठाऊक असावे लागते. मन्नारच्या आखातातील २१ बेटांचे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८६ पासूनचे आहे. त्याच्याच शेजारी, पाल्कच्या उपसागरात, समुद्री गवतावर जगणाऱ्या दुर्मीळ डुगाँगसाठी २०२२ मध्ये ४४८ चौरस किलोमीटरचे क्षेत्र राखून ठेवण्यात आले. अरबी समुद्रातील कुबडे देवमासे जगातील इतर देवमाशांप्रमाणे दूरचे स्थलांतर करीत नाहीत. ते याच समुद्राचे कायमचे रहिवासी आहेत. ओमानजवळ खूण लावलेली त्यांतील एक मादी २०१७ च्या अखेरीस हा समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्यास आली, तेव्हा त्यांचा वावर केवढा विस्तीर्ण आहे, हे आपणास कळले. आपल्या ठाण्याच्या खाडीतील रोहित पक्षीही भावनगरकडे ये-जा करतात, हे त्यांच्या पाठीवरील यंत्रांनी दाखविले आहे. आणि भावनगर तर खंबायतच्या आखातावरच वसलेले आहे. नकाशावरील प्रकल्पाची चौकट या प्रवाशांना दिसत नाही. त्यांची वाट आपणच पाहून ठेवली पाहिजे.

ती आधी पाहिली नाही म्हणजे काय होते, याचा धडा जमिनीवर मिळालेला आहे. राजस्थान व गुजरातमध्ये सौर व पवन प्रकल्पांच्या विजेच्या तारा माळढोकाच्या उरल्यासुरल्या माळांवरून गेल्या. त्यांवर आपटून पक्षी मेले. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला, आणि मार्च २०२४ मध्ये व्यवहार्यतेच्या कारणाने तो बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविला. माळढोक वाचला असे म्हणवत नाही, आणि उद्योगांनाही कित्येक वर्षे अनिश्चितता सोसावी लागली. पर्यावरणीय मंजुरी ज्या प्रकल्पांना सक्तीची आहे, त्यांच्या २००६ च्या यादीत पवनविजेचा समावेशच नाही. स्वच्छ विजेला सवलत द्यावी, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु प्रश्न विचारण्यापासून सूट ही सवलत नव्हे. ती उधारी आहे, आणि ती व्याजासह फेडावी लागते.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. वाऱ्याची मोजणी करण्यासाठी जो धीर दाखविला, तोच समुद्रातील जीवांच्या मोजणीसाठी दाखवावा. प्रत्येक निवडलेल्या क्षेत्राची किमान दोन वर्षे, सर्व ऋतूंत, पाहणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष लोकांसमोर ठेवावे. आवाजाची मर्यादा, खांब ठोकण्याचे वर्ज्य महिने आणि स्थलांतराच्या रात्रींची विश्रांती या अटी करारानंतर नव्हे, तर निविदेतच लिहाव्यात. त्यामुळे वीज काहीशी महाग होईल, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ७,४५३ कोटी रुपये जनतेचे आहेत. त्यांतून स्वस्त विजेबरोबर जिवंत समुद्रही मागण्याचा तिला अधिकार आहे.

आणि या कामी कोळ्यांना बाजूस सारू नये. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एके काळी व्हेल शार्क माशांची सर्रास शिकार होत असे. २००१ मध्ये कायद्याने बंदी आली; पण २००४ मध्ये मोरारीबापूंनी हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे, असे समजाविले, तेव्हा कायदा लोकांच्या मनात उतरला. जाळ्यात सापडलेला मासा सोडण्यासाठी कोळ्यांनी स्वतःची जाळी कापली, सरकारने त्यांना भरपाई दिली, आणि शेकडो मासे समुद्रात परतले. पिपावावही त्याच सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आहे. तेथील कोळ्यांना ही जाण असेल, तर दिल्लीतील कचेऱ्यांना ती नसावी, हे शोभणारे नाही. पहिला खांब अद्याप ठोकला गेलेला नाही. तो ठोकण्यापूर्वीच हे सारे व्हावयास हवे.