सुमंगलीच्या नावाने वेठबिगार

'सुमंगली' म्हणजे सौभाग्यवती. दक्षिणेत विवाहित स्त्रीला ज्या शब्दाने गौरवितात, तोच मंगल शब्द तामिळनाडूतील सूतगिरण्यांनी मजूरभरतीच्या योजनेला दिला. कोइम्बतूर, तिरुपूर, इरोड, दिंडिगल या पट्ट्यातील गिरण्यांचे दलाल गावोगाव फिरत. गरीब घरच्या, बहुतांशी दलित कुटुंबांतील कोवळ्या मुली हेरायच्या, तीन वर्षे वसतिगृहात ठेवून राबवायच्या आणि अखेरीस तीस ते पन्नास हजार रुपये एकरकमी द्यायचे. कशासाठी, तर लग्नासाठी! १९६१ पासून हुंडाबंदीचा कायदा असलेल्या देशात हुंड्याच्या धास्तीवर गिरण्या चालाव्यात, यापरते लांच्छन कोणते?

सारी मेख त्या 'अखेरीस' या शब्दात आहे. ती रक्कम बक्षीस नव्हती. मुलीच्याच वेतनातून अडवून ठेवलेला तो पैसा होता. कापसाच्या धुळीने छाती भरली, अडीच वर्षांनी ती घरी परतली, तर बहुधा त्या रकमेवर पाणी सोडावे लागे. वसतिगृहाबाहेर एकटीने जाण्यास मज्जाव, घरच्यांशी बोलण्यावरही पहारा. साखळदंड नव्हते, इतकेच. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात न्या. भगवती यांनी निःसंदिग्ध शब्दांत सांगितले होते की, भुकेने अगतिक झालेल्या माणसाकडून किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम घेणे हीदेखील घटनेच्या २३व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारच होय.

योजनेचे नाव पुढे बदनाम झाले, पाट्या उतरल्या. तरीही २०१६ साली नेदरलँड्समधील एका संस्थेने ७४३ गिरण्यांची पाहणी केली, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक ठिकाणी या गुलामगिरीच्या छटा आढळल्या.

परकीय संस्थेचा अहवाल म्हटला की आपल्यापैकी अनेकांच्या कपाळावर आठी पडते. भारतीय उद्योगाला बदनाम करण्याचा हा डाव आहे, असे म्हटले जाते. शंका अगदीच निराधार नाही. व्यापारात नीतीचे सोंग आणणारे कमी नाहीत. पण अहवाल कोणी लिहिला यावरून त्या मुलीचे अडकलेले वेतन खोटे ठरत नाही. स्वदेशीचा अभिमान बाळगणाऱ्याने तर हा प्रश्न सर्वांआधी विचारायला हवा होता.

आता यात परदेशी कंपन्यांचा दोष काय? त्या तर फक्त कपडे विकत घेतात! विदर्भ-मराठवाड्याचा कापूसही ज्या गिरण्यांत जातो, तेथे सूत निघते. मग कापड, रंगाई, शिलाई आणि शेवटी युरोपातले चकचकीत दुकान. दर काही आठवड्यांनी नवी फॅशन हवी, तीही पूर्वीपेक्षा स्वस्त. हा दबाव एकेक पायरी उतरत शेवटी चातीपाशी उभ्या असलेल्या मुलीवर येऊन पडतो. कंपन्या फार तर शिलाई कारखान्यांची यादी जाहीर करतात, सूतगिरणीपर्यंत क्वचितच पोहोचतात. नफा मात्र साखळीच्या तळापासून वर चढतो!

आणि कायदे? ब्रिटनचा २०१५चा कायदा कंपन्यांकडून वार्षिक निवेदन मागतो. 'आम्ही काहीही केले नाही' असे लिहिले तरी त्याची पूर्तता होते. याउलट शिनजियांगमधील मालासाठी अमेरिकेने २०२१ साली केलेल्या कायद्यात सिद्धतेचा भार आयातदारावर आहे: माल वेठीच्या श्रमाचा नाही, हे त्याने दाखवायचे. (त्यामागे चीनविरोधाचे राजकारण आहेच, तत्त्व तरीही योग्य आहे.) दिंडिगलमध्ये एका तरुण कामगार स्त्रीच्या हत्येनंतर २०२२ साली महिलांच्या नेतृत्वाखालील संघटनेने कारखानदार आणि परदेशी खरेदीदार यांना करारात बांधले. कारखान्याने अटी मोडल्या, तर खरेदीदाराने त्याच्यावर व्यापारी कारवाई करणे बंधनकारक. जबाबदारी म्हणतात ती हीच.

हाच दंडक आपल्या देशी ब्रँडनाही लावला पाहिजे. सूत कोणत्या गिरणीचे, हे त्यांनी जाहीर करावे. श्रम खात्याने वसतिगृहांची आगाऊ सूचना न देता तपासणी करावी. अडवून ठेवलेले वेतन व्याजासह वसूल व्हावे. वेठीच्या श्रमातून आलेल्या मालावर युरोपीय संघाची बंदी डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायची आहे. त्या वसतिगृहांची कुलुपे चेन्नई-दिल्लीने उघडायची की ब्रुसेल्सच्या धाकाने?