कुणब्यास पेन्शन नाही, मग उमेदवारीही नको काय?

कचेरीतला कारकून अठ्ठावन्न वर्षांचा झाला की सेवेतून मोकळा होतो. मास्तर मोकळा होतो, फौजदार मोकळा होतो. शेतकऱ्याचे तसे नाही. औताचा कासरा पोराच्या हाती देऊन म्हातारा बांधावर येऊन बसला, म्हणजे तीच त्याची निवृत्ती. तेथे बसूनही पाण्याची पाळी, उसाची तोड आणि सोसायटीचा हप्ता यांचा हिशेब त्याच्या डोक्यातून जात नाही. असा म्हातारा उद्या उठून म्हणाला की, ‘मी निवडणुकीस उभा राहतो,’ तर गाव काय करील? गाव हसेल! वकील उभा राहिला तर कोणी हसत नाही. ठेकेदार उभा राहिला तर फटाके वाजतात. पुढाऱ्याचा कालचा पोर उभा राहिला तर हार घेऊन रांग लागते. मग हसे एकट्या कुणब्याचेच का व्हावे?

कायदा तर त्याला हसत नाही. पूर्वी कायदाच हसत होता. 1919 च्या सुधारणांनंतर मुंबई कायदेमंडळासाठी मत द्यावयाचे, तर खेड्यात बहुतेक जिल्ह्यांत 32 रुपये साऱ्याची जमीन असावी लागे. म्हणजे लहान कुणब्यास, सुतारास, कुंभारास, चांभारास मतच नव्हते. मग उभे राहण्याची गोष्ट कशाला? 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हा बांध फुटला आणि प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषास मत मिळाले. आज लोकसभेस उभे राहण्यास पंचवीस वर्षे पूर्ण असली म्हणजे झाले. वरची वयोमर्यादा नाही, शिक्षणाची अट नाही. सरपंचपदाला सातवीची अट आहे, पण ती 1995 पासून पुढे जन्मलेल्यांना. आमचा म्हातारा तिच्यातूनही सुटला.

मग गाडे अडते कोठे? कनवटीपाशी. लोकसभेस अनामत 25 हजार रुपये. एकूण वैध मतांचा सहावा हिस्सा मिळाला नाही तर ती सरकारजमा. खर्चाची कायदेशीर मर्यादा आपल्या राज्यात 95 लाख रुपये. मर्यादाच जेथे 95 लाख, तेथे दोन एकरांच्या धन्याने कोणता बैल विकावा? साऱ्याची अट गेली खरी, पण तिच्या जागी थैलीची अट येऊन बसली आहे.

अकलूजच्या माणसास हे फोड करून सांगावयास नको. याच टापूत सासवडकडून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी 1932 साली आपलेच भांडवल गोळा करून माळीनगरच्या साखर कारखान्याचा पाया घातला. शेतकऱ्यास कारखाना चालविता येतो हे त्यांनी दाखविले. पुढे शंकरराव मोहिते-पाटलांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला. नीरेच्या पाण्यावर ऊस वाढला, उसावर कारखाना वाढला आणि कारखान्यावर राजकारण वाढले. साखर व सत्ता एका घरात नांदू लागल्या, म्हणजे बाहेरच्याने उंबरा ओलांडावा कसा?

तरी तसा प्रयत्न झालाच. 2014 साली माढा मतदारसंघात माजी उपमुख्यमंत्री विजयसिंह मोहिते-पाटील यांच्यासमोर वाळवे तालुक्यातले शेतकरी चळवळीतले सदाभाऊ खोत उभे राहिले. मागे ना कारखाना, ना बँक. त्या वर्षीचे देशातले वारे त्यांच्या बाजूचे होते व मोठ्या पक्षांची युती पाठीशी होती, हे खरेच. पण ते पडले, ते सुमारे 25 हजार मतांनीच. ज्यांना लोक अशक्य म्हणत होते ते इतके जवळ आले! त्याआधी 2009 साली हातकणंगल्यात राजू शेट्टी ‘एक नोट, एक व्होट’ म्हणत उभे राहिले. शेतकऱ्यांनी नोटही दिली, मतही दिले आणि त्यांना दिल्लीस पाठविले.

पण पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. खोत 2016 साली राज्यमंत्री झाले आणि 2017 साली या दोघांची वाट वेगळी झाली. शेट्टी 2019 साली पडले, 2024 सालीही पडले. यात चूक कोणाची, हा निवाडा आम्ही करीत नाही. आम्ही एवढेच विचारतो, की नोट देणाऱ्याने पुढे हिशेब मागितला काय? बैल विकत घेताना आपण दात पाहतो, आणि घेतल्यावर वेसण सोडून देत नाही. मग निवडून दिलेल्या माणसालाच मोकाट का सोडावे?

उभे राहणे म्हणजे निवडून येणेच, असेही नाही. तेलंगणात निजामाबादेस 2019 साली हळदीला व ज्वारीला भाव नाही म्हणून 170 हून अधिक शेतकऱ्यांनी लोकसभेचे अर्ज भरले. ती जागा मुख्यमंत्र्यांच्या कन्येची. शेतकऱ्यांपैकी एकही निवडून आला नाही. पण मुख्यमंत्र्यांची कन्याही पडली. हळद हा शब्द मात्र साऱ्या देशाच्या कानी गेला. राष्ट्रीय हळद मंडळ 2025 साली स्थापन झाले, आणि त्याचे ठाणे निजामाबादेसच झाले. मंडळाने भाव किती मिळेल ते दिसेलच. परंतु अर्ज भरणाऱ्यांचे श्रम फुकट गेले, असे कोण म्हणेल?

म्हणून आमचे सांगणे असे. बंधुभगिनींनो, एकदम दिल्लीकडे पाहू नका. सोसायटी, ग्रामपंचायत, बाजार समिती येथून आरंभ करा. 2017 च्या कायद्याने दहा गुंठ्यांच्या शेतकऱ्यास बाजार समितीत मत मिळाले होते आणि 2018 साली सोलापूरची समिती त्याप्रमाणे निवडली गेली. 2020 साली तो हक्क काढून घेण्यात आला. किती गावांत त्याविरुद्ध सभा भरली? घरातले भांडे गेले तर आपण चार दिवस शोधतो. मत गेले तर एक दिवसही नाही!

उमेदवार उभा कराल तर खर्च गावाने उचलावा. दहा-वीस रुपयांची वर्गणी घ्यावी आणि पै-पैचा जमाखर्च पारावर वाचून दाखवावा. एकाच थैलीवाल्याचे पैसे घेतले, तर उमेदवार त्याच थैलीवाल्याचा होतो. उमेदवार कुणब्याचा असला तरी त्याला सुताराची, कुंभाराची, न्हाव्याची, ऊस तोडणाऱ्या बाईची गरज तोंडपाठ पाहिजे. नाही तर एका घरची सत्ता जाऊन दुसऱ्या घरची आली, एवढेच होईल.

ज्याने पन्नास वर्षे पाऊस, सावकार आणि काटा मारणारा अडत्या यांच्याशी झुंज घेतली, त्याला राज्यकारभारातले काही कळत नाही, असे कोणी म्हणू नये. पाण्याच्या पाळीचा न्याय त्याने केला आहे, भावाभावांच्या वाटण्या त्याने केल्या आहेत, दुष्काळात घर त्याने चालविले आहे. कारभार म्हणजे याहून निराळे काय असते? तो पडला तरी त्याची अनामत जाईल, अब्रू जाणार नाही. अब्रू जाते ती मत विकणाऱ्याची. तेव्हा पुढल्या खेपेस पारावर कोणी म्हातारा उमेदवारीचे नाव काढील, तर हसू नका. त्याला आधी विचारा, ‘आबा, अनामतीला किती कमी पडतात?’