पेटीतली पासबुके बाहेर काढा



कर्जाचा हप्ता थकला की नोटीस घर शोधत येते. आपलीच ठेव बँकेत पडून राहिली तर मात्र कोणी दार ठोठावत नाही. खात्यावर दहा वर्षे व्यवहार झाला नाही की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. हा निधी २०१४ साली निघाला. मार्च २०२४ अखेर त्यात ७८,२१३ कोटी रुपये साठले होते.

हा पैसा बुडालेला नाही. कितीही वर्षांनी खातेदार किंवा त्याचा वारस तो मागू शकतो. अर्ज करायचा तो आपल्याच बँकेत. बापाच्या नावावर चुकाऱ्याचे जुने खाते असेल, तर पासबुक, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद घेऊन शाखेत जा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर २०२३ पासून फुकट शोध घेता येतो. सगळ्या बँका त्यात नाहीत. जिल्हा बँकेत समक्षच विचारा.

ज्या बहिणींचा घरधनी गेला, त्यांनी पासबुकात वर्षाकाठी ३३० किंवा २०२२ पासून ४३६ रुपयांची कपात शोधावी. ती जीवनज्योती विम्याची असते. मृत्यूच्या वेळी विमा चालू असेल तर वारसदार म्हणून नाव लावलेल्याला २ लाख मिळतात.

देणे असते तेव्हा बँक पै-पैचा हिशेब मागते. आता आपण मागू. दलालाला टक्का देऊ नका. पुढच्या बैठकीला येताना पासबुके घेऊन या. अर्ज तिथेच बसून लिहू.