वेळापत्रक भिंतीवर, वेळ कुणाच्या हातात?

जानेवारी उजाडला की दहावी-बारावीच्या मुलांवर सल्ल्यांचा मारा सुरू होतो. पहाटे उठा, मोबाईल दूर ठेवा, वेळापत्रक करा, महत्त्वाचं आधी करा. सल्ले चुकीचे नाहीत. पण विद्यार्थ्याचा दिवस विद्यार्थ्याच्याच मालकीचा असतो, असं देणाऱ्यांनी गृहीत धरलेलं असतं. आपल्या अनेक घरांत तो तसा नसतो.

भिवंडी किंवा मालेगावातल्या यंत्रमाग कामगाराचं घर डोळ्यांसमोर आणा. वडील बारा तासांच्या पाळीवर. एक-दोन खोल्या, लहान भावंडं, येणारे-जाणारे पाहुणे. मुलगा कॉलेजातून आला की दुकानावर बसतो. मुलगी शाळेतून आली की पाणी भरणं, भांडी, रोट्या आणि धाकट्याला सांभाळणं ठरलेलं. अशा मुलीला ‘वेळेचं नियोजन कर’ म्हणायचं, तर आधी नियोजन करण्याइतका वेळ तिच्या हातात द्यायला हवा.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरातलं विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८ मिनिटं. हे आकडे सहा वर्षांवरील सर्वांचे आहेत, फक्त विद्यार्थ्यांचे नाहीत. पण हा फरक लग्नानंतर एका दिवसात तयार होत नाही. तो शाळेच्या वयातच अंगवळणी पाडला जातो.

तातडीचं आणि महत्त्वाचं यांत फरक असतो, हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १९५४ च्या एका भाषणात सांगितलं होतं. आजही वेळेच्या नियोजनाची शिकवण यापासूनच सुरू होते. आपल्या घरात या फरकाचं काय होतं? चहाची फर्माईश तातडीची असते, बीजगणित महत्त्वाचं असतं. जिंकते ती फर्माईश, कारण बीजगणित ओरडत नाही.

रमजानमध्ये हे जास्तच ठळक दिसतं. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे अलीकडच्या वर्षांत तो बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांत येतो आहे. सहरीनंतरचा शांत वेळ अभ्यासाला फार चांगला. पण मुलगी सहरीच्या तयारीला सगळ्यांआधी उठते आणि दुपारनंतर इफ्तारीच्या तळणात अडकते. रोजा घरातल्या सगळ्यांचा असतो, मग स्वयंपाक तिच्या एकटीचा का?

विद्यार्थ्याने करायचं ते विद्यार्थ्यालाच करावं लागेल. एक आठवडा आपले तास कागदावर मांडून पाहा. जो दीड-दोन तासांचा सलग तुकडा सापडेल, तो सर्वांत अवघड विषयाला द्या. सोपा विषय आधी घेतला की काम केल्याचं समाधान मिळतं, पण डोकं थकतं आणि अवघड विषय तसाच राहतो. वाचलेलं एकाच रात्री दहा वेळा घोकण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पाहा. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून अशा अंतराचा फायदा दाखवला होता. भांडी घासताना व्याख्या मनात म्हणता येतात, प्रमेय सोडवता येत नाही. म्हणून कोणतं काम कोणत्या वेळेला जुळतं, ते ओळखा. आणि सगळंच होणार नाही, हे मान्य करून काय सोडायचं तेही ठरवा.

पण यापुढची जबाबदारी घराची आहे. रोज दोन तास त्या मुलाला किंवा मुलीला कुणी हाक मारणार नाही, असं घरातल्या मोठ्यांनी ठरवावं. इफ्तारीच्या कामात भावांनी वाटा उचलावा. परीक्षेच्या काळात दावती पुढे ढकलाव्यात. मोहल्ल्यातला एखादा हॉल संध्याकाळी अभ्यासासाठी उघडावा आणि तो मुलींसाठीही असावा. यातल्या कशालाच मोठा निधी लागत नाही.

शिक्षणात आपण मागे का, यावर आपल्याकडे भरपूर चर्चासत्रं होतात. फी, शिष्यवृत्ती, शाळांची दुरवस्था यांवर बोललंच पाहिजे. पण सरकारकडे मागण्या करताना आपल्याच घरातल्या दहावीच्या मुलीला दिवसाचे दोन तास देता येत नसतील, तर त्याचा जाबही आपल्यालाच द्यावा लागेल.