विरंजन म्हटले की हसू का येते?

चारचौघांत कुणी 'विरंजक चूर्ण' असे म्हटले की हमखास हशा पिकतो. मग एखादे गृहस्थ ते जुनेच 'अग्निरथगमनागमन...' म्हणून दाखवतात, पुन्हा हशा होतो, आणि मराठीतून विज्ञान शिकवणे कसे अशक्य आहे यावर सर्वांचे एकमत होऊन चहा येतो. रेल्वेच्या सिग्नलसाठीचा तो लांबलचक शब्द थट्टेसाठीच रचलेला आहे. कुठल्याही पाठ्यपुस्तकात मी तरी तो पाहिलेला नाही. पण थट्टा हाच पुरावा मानायची आपल्याला सवय लागली आहे. असो.

या हसणाऱ्या मंडळींसाठी मी आज एक इंग्रजी शब्द आणला आहे. ब्लीचर.

ब्लीच म्हणजे रंग घालवून पांढरे करणे. तेव्हा ब्लीचर म्हणजे कापड शुभ्र करणारा कारागीर. इथपर्यंत सरळ आहे. युरोपात तागाचे कापड विणून झाले की ते मळकट, पिवळसर असायचे. आपल्या कोऱ्या मांजरपाटासारखेच म्हणा ना! ते राखेच्या पाण्यात उकळायचे, आंबट ताकात भिजवायचे, आणि मग गवतावर उन्हात पसरून ठेवायचे. असे पुन्हा पुन्हा, कित्येक महिने. हॉलंडमधले हार्लेम गाव याच कामासाठी प्रसिद्ध होते. सतराव्या शतकातला चित्रकार रॉयसडाल याने काढलेल्या त्या गावाच्या चित्रांत शेतांवर पांढऱ्या कापडांचे पट्टे दिसतात. पुढे 1774 मध्ये शेले या शास्त्रज्ञाने क्लोरीन वायू मिळवला, 1785 मध्ये बर्थोले याने तो कापडावर वापरून पाहिला, आणि 1799 मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने चुन्यात क्लोरीन जिरवून केलेल्या भुकटीचे पेटंट घेतले. महिन्यांचे काम दिवसांवर आले आणि ती शेते मोकळी झाली. हीच ती ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपले विरंजक चूर्ण.

आता अमेरिकेत चला. तिथे बेसबॉलच्या मैदानात आडव्या फळ्यांचे, पायऱ्यापायऱ्यांचे, बिनछपराचे जे स्वस्तातले बसायचे भाग असतात, त्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ब्लीचर्स म्हणतात. का? तर दिवसभर उन्हात राहून त्या फळ्यांचा रंग उडतो, म्हणून. कपडा गवतावर पसरावा तशी माणसे तिथे उन्हात पसरलेली. (फळी पांढरी होते, तिच्यावर बसलेला मात्र काळवंडतो, ही गंमत वेगळीच.) शिकागोच्या रिग्ली फील्डमधले 1937 साली बांधलेले ब्लीचर्स तर अजून नावाजलेले आहेत. आणि कळस म्हणजे, अमेरिकेतल्या शाळांच्या बंदिस्त व्यायामशाळांत भिंतीतून ओढून काढायचे जे बाक असतात, जिथे उन्हाची तिरीपसुद्धा पोचत नाही, त्यांनाही ब्लीचर्सच म्हणतात!

म्हणजे शब्दाचा अर्थ 'पांढरे करणारे', वस्तू बसायची पायरी, आणि ऊन तर केव्हाच निघून गेलेले. यावर कुणी हसले का? नाही. आपला मुलगा अमेरिकेला जातो, हा शब्द ऐकतो, शब्दकोश उघडतो आणि निमूट पाठ करतो. इंग्रजी शब्द कळला नाही तर तो आपला अडाणीपणा, आणि मराठी शब्द कळला नाही तर तो मराठीचा दोष. हा न्याय कुठला?

आता 'विरंजन' उघडून पाहा. रंज् म्हणजे रंगणे. त्याच्यापासून रंग, त्याच्यापासून राग आणि अनुराग. मनाला रंग चढवते ते मनोरंजन. रंग उतरला ते विरंजन, आणि ज्याच्या मनाचा संसारावरून रंग उतरला तो विरक्त. सातवीतल्या मुलालासुद्धा हे पाच मिनिटांत सांगता येते. मी सांगितलेले आहे, आणि मुलांचे डोळे चमकलेले पाहिले आहेत. एक शब्द शिकवला की पाठोपाठ पाच येतात. 'ब्लीचिंग' शिकवला तर आपल्या मुलाच्या ओळखीचे त्यात काय येते? ब्यूटी पार्लरची पाटी, फार तर.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, त्याला माझा विरोध नाही. मी स्वतः तीस वर्षे इंग्रजी शिकवले, मराठी माध्यमातून बी.ए. होऊन. माझा विरोध आहे तो सेमी इंग्रजीच्या नावाखाली विज्ञानाचे शब्द घोकून घेण्याला. मुलाला ब्लीचिंग पावडरचे रासायनिक सूत्र तोंडपाठ असते. पण पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत जी टीसीएल टाकतो ती हीच, हे त्याला माहीत नसते. टीसीएल म्हणजे काय, हे टाकणाऱ्यालाही विचारू नका. (ट्रॉपिकल क्लोराईड ऑफ लाइम. चुना आला, क्लोरीन आला, टेनंटसाहेबही आले.) एकाच भुकटीची तीन नावे, त्यातले अर्थ सांगणारे एकच, आणि नेमके त्याच नावाला आपण हसतो.

सगळे पारिभाषिक शब्द चांगले असतात असे मी म्हणत नाही. काही खरोखरच दगडासारखे आहेत, ते खुशाल फेकावेत. पण महापौर, चित्रपट, दिग्दर्शक हे सावरकरांचे शब्दही नवे होते तेव्हा कानाला खटकलेच असणार. ते वापरले गेले म्हणून रुळले. विरंजनाला आपण ती संधीच दिली नाही. पाठ्यपुस्तकात छापला, परीक्षेत विचारला, आणि घरी आल्यावर त्याची टिंगल केली.

कुणी मला विचारील, मग बाई, ब्लीचर्सना मराठीत काय म्हणायचे ते सांगा. काही म्हणू नका. ती त्यांची वस्तू आहे, ब्लीचर्सच म्हणा. फारच वाटले तर 'उन्हातल्या पायऱ्या' म्हणा. त्याला कुणी हसणार नाही.